दार का आपटतं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

बांधीव, म्हणजे ओट्याखाली कपाटांच्या रांगेत बसणाऱ्या डिशवॉशरच्या दाराला किचनच्या इतर कपाटांसारखंच शटर, म्हणजे पुढची फळी, कसं लावायचं, यावरच्या माझ्या लेखाखाली 'एक जुना वाचक' अशा नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. ती थोडक्यात अशी : हा सगळा दिखाऊपणा आहे, सुट्टं मशीन त्याहून स्वस्त पडतं, दुरुस्तीला माणूस आला की सगळं उचकटावं लागतं, आपल्या कढया त्यात मावत नाहीत आणि 'एवढं जड दार लावल्यावर ते आपटणारच, आमच्या मुलीकडे रोज आपटतं, पण कॅटलॉग समोर ठेवून लिहिणाऱ्यांना आणि लाकूड ठोकणाऱ्या सुतारांना हे कळणार कसं!'

मतभेदाचं मला काही वाटत नाही. या लेखमालेत माझ्याशी न पटणाऱ्या कितीतरी प्रतिक्रिया आहेत आणि त्यांना मी नीट उत्तरं दिली आहेत. पण 'कॅटलॉग समोर ठेवून' हे तुम्ही कशाच्या आधारावर लिहिलंत? लेखात मापं होती, स्क्रू कुठे मारायचा ते होतं, कुठे मारायचा नाही तेही होतं. ते वाचलं असतंत तर हे वाक्य लिहिलं नसतंत. आणि 'लाकूड ठोकणारे सुतार' हे तर मला अजिबात आवडलेलं नाही. माझ्या वडिलांचं वर्कशॉप पुण्याच्या टिंबर मार्केटमध्ये होतं. शाळा सुटली की मी तिथे जाऊन बसायची. प्लायला भुसा कोणत्या बाजूने उडतो यावरून ब्लेड बोथट झालंय का, हे ते सांगायचे. पुढे मी किचनचीच कामं करायला लागले ती त्यांच्या हाताखाली शिकून. लेखात लिहिलेली प्रत्येक गोष्ट मी साइटवर गुडघे टेकून केलेली आहे, ज्यांना तुम्ही ठोकणारे म्हणता त्या माणसांबरोबर.

किमतीचं मान्य करते. बांधीव मशीन सुट्ट्यापेक्षा महाग पडतं, शिवाय शटरचा आणि बसवण्याचा खर्च वेगळा. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी सुट्टंच घ्यावं, यात दुमत नाही.

आता दार. तुमच्या सगळ्या प्रतिक्रियेत बोलण्यासारखं हेच एक वाक्य आहे, म्हणून त्याबद्दल सविस्तर.

दार जड आहे म्हणून आपटतं, हे चूक आहे. बांधीव मशीन कंपनीतून येतं तेव्हा त्याच्या दाराला पुढचं शटर नसतंच. ते तुम्ही लावणार असं गृहीत धरून आतल्या स्प्रिंगा केलेल्या असतात. शटर न लावता दार उघडून सोडून दिलं तर ते वर ओढलं जातं. शटर किमान किती आणि कमाल किती किलोचं चालेल, हे त्या मॉडेलच्या माहितीपुस्तकात दिलेलं असतं. १८ मिलिमीटर प्लाय, दोन्ही बाजूंना लॅमिनेट, साधारण ५९६ बाय ७२० मिलिमीटरचं शटर धरलं तर सहा-सात किलो होतात. बऱ्याच मॉडेलांना हे चालतं. त्यावर काच चढवली, जाड हँडल लावलं की वजन वाढतं आणि तिथे पुस्तक उघडून बघावंच लागतं.

शटर लागल्यावर पुढचं काम असतं ते स्प्रिंग जुळवण्याचं. पुष्कळ मॉडेलांत मशीनच्या पुढच्या बाजूला, खाली डाव्या-उजव्या कोपऱ्यात त्यासाठी स्क्रू असतात. दोन्हीकडे सारखे फिरवायचे, दार अर्धं उघडायचं आणि हात काढायचा. खाली आलं तर ताण वाढवायचा, वर गेलं तर कमी करायचा. जिथे सोडलं तिथेच राहिलं की काम झालं. हे स्कर्टिंग, म्हणजे कपाटांखालची जमिनीलगतची पट्टी, लावण्याआधी करायचं, कारण स्कर्टिंग लागलं की ते स्क्रू झाकले जातात. माणसं घाईत असली की नेमकी हीच पायरी राहते. तुमच्या मुलीकडे हेच राहिलेलं असण्याची शक्यता मला सर्वांत जास्त वाटते. त्याचा दोष शटरच्या कल्पनेवर टाकून मोकळं होणं बरोबर नाही.

दुसरी शक्यताही आहे. सुट्टं मशीन आणून, त्याचं वरचं झाकण काढून ओट्याखाली सरकवायचं आणि पत्र्याच्या दारावर प्लाय चिकटवायचा, असा उद्योग काही ठिकाणी करतात. तुम्ही 'सुट्टं घ्या आणि हवं तर वरून फळी लावा' असं लिहिलंय, म्हणजे तुम्हीही तेच सुचवताय. कृपा करून असं कुणाला सांगू नका. सुट्ट्या मशीनच्या स्प्रिंगा त्याच्या स्वतःच्या दारापुरत्याच असतात, त्यावर सहा किलो टाकले की ते आपटणारच. शिवाय स्क्रू मारलात तर त्या दाराच्या पोटात साबणाच्या डबीची यंत्रणा आणि वायरी असतात. बांधीव मशीनला यासाठी वेगळे ब्रॅकेट आणि कागदी नमुना येतो. तो शटरच्या मागच्या बाजूला चिकटवायचा आणि खुणेवरच भोक पाडायचं.

तिसरं कारण स्कर्टिंगचं. दार खाली येतं तेव्हा शटरची खालची कड आत वळते. शटर गरजेपेक्षा लांब ठेवलं किंवा आपल्याकडचं चार इंची स्कर्टिंग मागे न घेता सरळ पुढे आणलं, तर कड तिथे अडकते, दार पूर्ण उघडत नाही आणि माणूस जोर लावतो. मग बिजागऱ्या ढिल्या होतात. म्हणून मशीनसमोरच्या स्कर्टिंगला खाच घ्यावी लागते. लांब शटरच हवं असेल तर शटर वर सरकवून घेणाऱ्या बिजागरीचं मॉडेल घ्यावं.

आणि हे सगळं करण्याआधी ओट्याची उंची. या मशीनना साधारण ८१.५ सेंटिमीटर मोकळी जागा लागते, तीही मशीनचे खालचे पाय पूर्ण आत घेतल्यावर. आपल्याकडे ३२ इंचांचा ओटा सर्रास असतो, म्हणजे ८१ सेंटिमीटर, त्यातही ग्रॅनाइट आणि खालचा प्लाय धरून. तिथे मशीन शिरणारच नाही. ३४ इंच केला तर दगड आणि प्लायचे मिळून चार सेंटिमीटर वजा करून जेमतेम बसतं. त्यात दगडाला पुढून दुहेरी पट्टी लावली असेल तर तीही खाली किती येते ते मोजायचं. माझ्या लेखाचा मुद्दा इतकाच होता की मशीन आधी ठरवा आणि ओटा नंतर बांधा. कडप्प्याचा जुना ओटा फोडून कुणी हे करावं असं मी म्हटलेलं नाही.

दुरुस्तीला सगळं उचकटावं लागतं म्हणता. पाणी, निचरा आणि प्लग शेजारच्या सिंकच्या कपाटात काढले आणि मशीन ग्रॅनाइटला न अडकवता बाजूच्या कपाटांना स्क्रूने धरलं, तर चार स्क्रू काढून ते पुढे ओढता येतं. ते स्क्रू मात्र हवेतच, नाहीतर दोन्ही ट्रे भरून पुढे ओढल्यावर मशीन तोंडावर झुकतं. कढयांचं उत्तर आधीच्या लेखात आहे, पुन्हा लिहीत नाही.

दिखाऊपणाबद्दल एवढंच सांगते. शेजारच्या ड्रॉवरच्या लॅमिनेटची उभी रेषा डिशवॉशरच्या शटरवर तशीच पुढे गेलेली दिसावी म्हणून एकाच शीटमधून तुकडे कापायचे, त्यांवर पेन्सिलीने क्रमांक टाकायचे, दोन्ही बाजूंना तीन मिलिमीटरची फट सारखी ठेवायची, वाफेने कड फुगू नये म्हणून ओट्याखाली पट्टी चिकटवायची, हे करताना मी माणसांना तासन्‌तास जमिनीवर बसलेलं पाहिलं आहे. त्याला तुम्ही दिखाऊपणा म्हणता. मी त्याला चांगलं काम म्हणते, आणि त्याबद्दल लिहायला मला जराही संकोच वाटत नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. मुलीकडच्या मशीनचं मॉडेल आणि शटर कशाचं केलंय ते कळवा. काचेचं आहे का, हँडल कसलं आहे, तेही लिहा. स्कर्टिंग काढून स्क्रू कुठे आहेत ते बघायला सांगा, मी पुढचं सांगेन. पण सुतारांबद्दल पुन्हा तसं लिहिलंत तर ती प्रतिक्रिया इथे दिसणार नाही.