विंडसरचा किल्ला आधीचा, विंडसर घराणे नंतरचे

ब्रिटनच्या राजघराण्याची एखादी मोठी बातमी आली, की समाजमाध्यमांवर एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा सारांश असा: विंडसर घराण्याने आपल्या नावावरून लंडनजवळच्या किल्ल्याला विंडसर हे नाव दिले, विल्यमने बांधलेला हा दगडी किल्ला साडेनऊशे वर्षे जसाच्या तसा उभा आहे, त्याला कधी कोणी वेढा घातला नाही, आणि 1992 च्या आगीनंतर जनतेच्या करातून तो पुन्हा उभा केला गेला. यातला विल्यम, म्हणजे 1066 मध्ये इंग्लंड जिंकणारा नॉर्मन राजा, तेवढा खरा. बाकीचे एकेक करून पाहू.

घराण्याच्या नावावरून किल्ल्याचे नाव

नेमके उलटे घडले आहे. 17 जुलै 1917 रोजी राजा पाचव्या जॉर्जने जाहीरनामा काढून घराण्याचे नाव बदलले. त्याआधीचे नाव सॅक्स-कोबर्ग-गोथा होते आणि ते व्हिक्टोरिया राणीचे पती अल्बर्ट यांच्याकडून आलेले. जर्मनीशी युद्ध पेटलेले, त्यात जून महिन्यात गोथा जातीच्या जर्मन विमानांनी लंडनवर बॉम्ब टाकले होते. अशा वेळी राजाचे नाव जर्मन असणे परवडणारे नव्हते. राजाचे खासगी सचिव लॉर्ड स्टॅमफर्डहॅम यांनी विंडसर हे नाव सुचवले. ते पटण्याचे कारण सरळ होते: हे नाव किल्ल्याला लागून तेव्हा आठशेहून अधिक वर्षे झाली होती.

पण ते नाव मूळचे किल्ल्याचेही नव्हे. टेम्स नदीच्या प्रवाहाबरोबर किल्ल्यापासून तीनेक किलोमीटर खाली गेले, की ओल्ड विंडसर हे गाव लागते. विल्यमच्या आधीच्या सॅक्सन राजांचा वाडा तिथे होता, एडवर्ड द कन्फेसर तिथेच दरबार भरवत असे. 1950 च्या दशकात तिथे उत्खनन झाले, त्यात सॅक्सन काळातल्या पाणचक्कीचे अवशेषही सापडले. विल्यमने किल्ल्यासाठी मात्र ते सखल गाव घेतले नाही. नदीपासून सुमारे 30 मीटर उंच, खडूच्या दगडाचा कडा त्याने निवडला. लंडनभोवती त्याने किल्ल्यांचे कडे उभारले होते. प्रत्येक किल्ला शहरापासून साधारण एका दिवसाच्या कूचाइतका दूर, आणि विंडसर त्यांपैकी एक.

हा कडा विंडसरच्या हद्दीत नव्हताच. विल्यमने करून घेतलेल्या जमीन-पाहणीच्या, 1086 च्या डूम्सडे नोंदवहीत क्लूअर या गावाच्या जमिनीचा हिशेब आहे. पूर्वी पाच हाइड (जमीन आकारणीचे त्या काळचे माप) आकारणी होती, आता साडेचार. उरलेल्या अर्ध्या हाइडवर विंडसरचा किल्ला आहे, असे तिथे लिहिले आहे. म्हणजे जमिनीच्या हिशेबाने हा क्लूअरचा किल्ला ठरला असता. शेजारच्या राजवाड्याचे वजन मोठे, म्हणून नाव त्याचे लागले. 1110 साली पहिल्या हेन्रीने दरबार ‘नव्या विंडसर’ला भरवल्याची नोंद सॅक्सन बखरीत आहे. त्यानंतर जुने गाव मागे पडत गेले आणि ‘ओल्ड’ हे विशेषण त्याच्या वाट्याला आले.

किल्ल्यावरून आडनाव पडल्याचे उदाहरण राजघराण्याच्याही कितीतरी आधीचे आहे. विल्यमचा इथला किल्लेदार वॉल्टर फिट्झ ऑथर याचे वंशज स्वतःला ‘विंडसरचे’ म्हणवू लागले. पुढे 1312 मध्ये इथे जन्मलेला तिसरा एडवर्डही ‘विंडसरचा एडवर्ड’ म्हणूनच ओळखला गेला. दोघांचाही आजच्या घराण्याच्या नावाशी संबंध नाही.

याच मजकुराच्या काही आवृत्त्यांत विंडसर म्हणजे ‘वळणदार किनारा’ असाही अर्थ दिलेला असतो. तो जुना, पण ऐकीव अर्थ आहे. नावाचे जुने रूप ‘विंडलेसोरा’ असे आहे आणि त्यातल्या ‘ल’ आणि ‘स’चा उलगडा ‘वळणदार’ने होत नाही. नावांच्या अभ्यासकांचा कल ‘विंडेल्स’ आणि ‘ओरा’ अशी फोड करण्याकडे आहे: दोर गुंडाळून ओझे ओढायचा रहाट, आणि काठ किंवा उतार. चिखलाच्या काठावर नावा ओढून घ्यायला असा रहाट लागतोच. डॉर्सेट परगण्यात ब्रॉडविंडसर नावाचे गाव आहे, तिथे टेम्स नाही, पण डोंगर आहेत. चढावर गाड्या ओढायलाही रहाटच लागे, त्यामुळे हा अर्थ दोन्ही ठिकाणी बसतो.

साडेनऊशे वर्षे जसाच्या तसा

विल्यमचा किल्ला लाकडाचा होता. खंदक खोदून निघालेला खडू रचून सुमारे 15 मीटरचे टेकाड केले, वर लाकडी मेढेकोट, दोन्ही बाजूंना कुंपणबंद आवारे. त्या काळी लाकूड वापरण्याचे कारण व्यवहारी होते. काम झटपट उरकायचे होते आणि नव्याने रचलेले टेकाड दगडाचे वजन पेलत नाही, ते आधी बसावे लागते. दगडी काम पुढे दुसऱ्या हेन्रीने करून घेतले. आज ज्याला राउंड टॉवर म्हणतात तो त्याचाच, आणि नावात ‘राउंड’ असूनही तो गोल नाही. टेकाडाचा माथा जसा वाकडातिकडा मिळाला, तशी भिंत फिरवलेली आहे. खाली भरावच असल्याने टेकाडाने त्रास द्यायचे सोडले नाही. 1980 च्या दशकाअखेर बुरुजाला तडे गेले आणि पायाला काँक्रीटचा आधार द्यावा लागला.

पर्यटक ज्या उंच बुरुजाचे फोटो काढतात, त्याची वरची सुमारे नऊ मीटर उंची मध्ययुगीन नाहीच. चौथ्या जॉर्जचा वास्तुविशारद जेफ्री वायटव्हिल याने 1824 पासून किल्ल्याची पुनर्रचना केली, तेव्हा बुरूज दुरून भारदस्त दिसावा म्हणून तो चढवला. वरच्या आवारातल्या इमारतींचा आजचा बाह्य चेहराही मुख्यतः त्याचाच. डोळा फसतो तो दगडामुळे. बॅगशॉट हीथचा राखाडी, कठीण वाळूचा दगड इथे शतकानुशतके वापरात आहे आणि नव्या कामालाही तोच घेतला. भिंतीजवळ गेल्यावर सांध्यांतल्या चुन्यात चकमकीच्या दगडाच्या बारीक काळ्या कपच्या ओळीने खोचलेल्या दिसतात. त्यांमुळे वेगवेगळ्या काळातल्या भिंती एकसारख्या भासतात. कर्फ्यू टॉवर या किल्ल्याच्याच दुसऱ्या बुरुजाचे शंकूच्या आकाराचे छत तर 1860 च्या दशकातले आहे.

मधले तिसऱ्या एडवर्डचे काम विसरून चालणार नाही. 1350 ते 1377 या काळात त्याने इथे सुमारे 51,000 पौंड ओतले. मध्ययुगातल्या कुठल्याही इंग्लिश राजाने एका धर्मेतर बांधकामावर इतका खर्च केला नव्हता. लढाऊ किल्ल्याचा राजवाडा झाला तो या कामामुळे.

वेढा कधी पडलाच नाही

दोनदा पडला. 1193 मध्ये रिचर्ड राजा परदेशात कैदेत असताना भाऊ जॉनने किल्ला बळकावला, तेव्हा राजाच्या बाजूच्या सैन्याने वेढा घातला. 1216 मध्ये जॉन स्वतः राजा होता, बंडखोर सरदार आणि त्यांचे फ्रेंच साथीदार बाहेर. किल्लेदार एंगेलार्ड दि सिगोन्ये सुमारे दोन महिने टिकला. शेवटी जॉनच्या मागावर जायचे म्हणून शत्रूनेच वेढा उठवला. खालच्या आवाराची मोडतोड इतकी झाली होती, की दुरुस्तीला काही वर्षे लागली. 1642 मध्ये राजा आणि संसद यांच्यातल्या यादवीत किल्ला संसदेच्या ताब्यात असताना राजाच्या बाजूच्या राजपुत्र रूपर्टने त्यावर तोफाही डागल्या, पण तो हाती लागला नाही.

आगीनंतरचा खर्च करातून

20 नोव्हेंबर 1992 ला राणीच्या खासगी प्रार्थनागृहात दिव्याच्या उष्णतेने पडदा पेटला आणि 115 खोल्यांना आगीची झळ बसली. इमारतीचा विमा नव्हता. सरकारने आधी खर्च उचलण्याची घोषणा केली, त्यावर लोक संतापले. फिरणाऱ्या मजकुरात ही घोषणाच तेवढी उरली आहे. प्रत्यक्षात 3 कोटी 65 लाख पौंडांच्या आसपास खर्च आला. त्यातला सुमारे 70 टक्के भाग किल्ल्याच्या आवाराला प्रवेशशुल्क लावल्याने आणि 1993 पासून बकिंगहॅम राजवाडा तिकीट लावून खुला केल्याने उभा राहिला. उरलेला भाग राजवाड्यांच्या देखभालीसाठी दरवर्षी मिळणाऱ्या सरकारी अनुदानात बचत करून काढला. ते अनुदान जनतेच्याच पैशाचे होते हे खरे, पण आगीसाठी वेगळा बोजा पडला नाही. काम बरोबर पाच वर्षांनी, 20 नोव्हेंबर 1997 ला पुरे झाले. सेंट जॉर्ज हॉलचे ओकचे छत मात्र जुन्याची नक्कल नाही, ते नव्या आराखड्याने केलेले आहे.