अलवरचे महाराज, सहा रोल्स-रॉइस आणि एक लोणकढी थाप

आठवीतला भाचा वक्तृत्व स्पर्धेचं भाषण म्हणून दाखवत होता. विषय ‘स्वाभिमान’. आग्र्याच्या दरबारातून त्याने जी उडी मारली ती थेट लंडनच्या बाँड स्ट्रीटवर, आणि तिथे अलवरचे महाराज जयसिंग रोल्स-रॉइसच्या शोरूममध्ये शिरले. पुढचं मला तोंडपाठ होतं. हा मजकूर दर दोन-चार महिन्यांनी कुणी ना कुणी पाठवतंच. या वेळी तो काकांनी पाठवला होता, ‘असे होते आपले राजे! प्रत्येक भारतीयाने वाचा’ असं शेपूट लावून, आणि पोराने तो जसाच्या तसा उतरवून घेतला. काकांना फोन केला तर म्हणाले, “एवढे लोक पाठवतायत ते काय सगळे खोटारडे? तू होतास का तिथे 1920 साली?”

नव्हतो. पण काका, तुम्हीही नव्हता. म्हणून तर कागदपत्रं बघायची असतात.

गोष्ट थोडक्यात अशी. 1920 साली महाराज साध्या कपड्यांत लंडनमध्ये फिरत होते. रोल्स-रॉइसच्या शोरूममधल्या गोऱ्या विक्रेत्याने त्यांना फाटका हिंदुस्तानी समजून हाकललं. महाराज हॉटेलवर गेले, राजेशाही पोशाख चढवून परतले, लाल गालिचा अंथरला गेला, आणि त्यांनी तिथे उभ्या असलेल्या सहाच्या सहा गाड्या रोख मोजून उचलल्या. अलवरला आणून त्या कचरा गोळा करायला लावल्या. जगभर कंपनीची नाचक्की झाली, विक्री कोसळली, कंपनीने माफीची तार केली आणि वर सहा गाड्या फुकट देऊ केल्या. मग महाराजांनी मोठ्या मनाने माफ केलं. पुरावा म्हणून सोबत एक कृष्णधवल फोटो: मोटारीच्या पुढच्या चाकांसमोर झाडू बांधलेले.

आधी खरेदी बघू. दुकान बाँड स्ट्रीटवर नव्हतं, जवळच्या काँड्युइट स्ट्रीटवर होतं. ते सोडून देऊ, पत्ता चुकू शकतो. पण 1920 साली रोल्स-रॉइस पूर्ण गाडी बनवतच नव्हती, हे कसं सोडायचं? डर्बीच्या कारखान्यातून बाहेर पडायची ती चॅसिस. म्हणजे सांगाडा, इंजिन, गिअरबॉक्स, चाकं आणि पुढे तो देवळाच्या दर्शनी भागासारखा रेडिएटर. बसायला सीट नाही, डोक्यावर टप नाही, दार नाही. गिऱ्हाइकाने ती चॅसिस बार्कर किंवा हूपर अशा कोचबिल्डरकडे न्यायची, आपल्या आवडीची बॉडी सांगायची आणि थांबायचं. लाकडाची चौकट, तिच्यावर ॲल्युमिनियमचे पत्रे, मग रंगाचा हात, घासणं, पुन्हा हात, पुन्हा घासणं. यात महिने जात. बॉडीसकट तयार गाडी कारखान्यातूनच देण्याची पद्धत रोल्स-रॉइसने दुसऱ्या महायुद्धानंतर आणली, 1949 च्या सिल्व्हर डॉनपासून. एखाद्या विक्रेत्याकडे एखादी बांधून तयार गाडी उभी असायची, मान्य. सहा गाड्या एका दमात, त्याही रागाच्या भरात? नुसत्या चॅसिसची किंमत दोन हजार पौंडांच्या आसपास होती. ती माल दाखवून विकायची वस्तू नव्हती, ऑर्डर देऊन करून घ्यायची वस्तू होती.

आणि इथेच या गोष्टीची खरी पंचाईत होते. त्या काळातल्या प्रत्येक रोल्स-रॉइस चॅसिसला क्रमांक आहे आणि कंपनीने तिचं कार्ड ठेवलंय: ऑर्डर कुणाची, बॉडी कुणी बांधली, गाडी कुठे पाठवली. ही कार्डं आज इंग्लंडमध्ये नॉर्थॅम्प्टनशरमधल्या पॉलर्सपरी गावात, हंट हाउस या वास्तूत, रोल्स-रॉइसप्रेमींच्या क्लबने जपून ठेवली आहेत. जुन्या गाड्यांचे मालक आपल्या गाडीची कुळकथा तिथूनच मागवतात. तेव्हा ज्यांना ही गोष्ट छातीठोकपणे सांगायची आहे त्यांनी सहा चॅसिस क्रमांक सांगावेत. सहा जाऊ द्या, एक सांगा. शंभर वर्षांत गोष्ट लाखो वेळा फिरली आणि एकाही प्रतीत एकही क्रमांक नाही. उलट राजाचं नाव मात्र बदलत राहतं. कुठे अलवर, कुठे पतियाळाचे भूपिंदर सिंग, कुठे भरतपूरचे किशन सिंग, कुठे हैदराबादचे निजाम. गाड्याही सहाच्या सात होतात, दहा होतात. एवढ्या सगळ्या राजांना एकाच दुकानाने हाकललं असेल तर तो विक्रेता कमालीचा चिकाटीचा म्हणायचा.

तसंही हिंदुस्तानी राजा म्हणजे काय चीज आहे हे या कंपनीला 1920 पर्यंत ठाऊक नव्हतं असं म्हणणं म्हणजे कहर आहे. 1908 साली मुंबई ते कोल्हापूर अशी मोटारींची चाचणी झाली, घाट चढण्याउतरण्याची. ती ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाच्या सिल्व्हर घोस्टने, म्हणजे रोल्स-रॉइसच्याच त्या काळच्या मॉडेलने, गाजवली, आणि ती गाडी ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी विकत घेतली. 1911 च्या दिल्ली दरबाराला पंचम जॉर्ज आला तेव्हा त्याच्या दिमतीला आठ रोल्स-रॉइस होत्या. ते बघून आणखी संस्थानिकांनी ऑर्डरी दिल्या. हिंदुस्तान ही कंपनीची हक्काची पेठ होती.

आता फोटो. नीट बघा, झाडू कुठे बांधलेत? बरोबर चाकांच्या समोर, टायरच्या रुंदीपुरते. मधली सगळी जागा मोकळी. अशा झाडूने रस्ता कसा झाडला जाईल? चाकाखाली येणारा खिळा किंवा अणकुचीदार दगड बाजूला सरकवायला मात्र तो उत्तम. टायर महाग, रस्ते कच्चे, म्हणून केलेला हा जुगाड आहे. कचरा गोळा करायचा तर तो भरायला मागे काहीतरी लागेल. झाडू पुढे बांधून कचरा फार तर गटारात ढकलला जाईल. आणि गाडी रोल्स-रॉइस आहे का हे तपासायला अर्धं मिनिट पुरतं, रेडिएटरचा आकार बघायचा. फोटो पुढे पाठवणाऱ्या किती जणांनी तो पाहिला असेल?

एक गोष्ट मात्र या कथेच्या बाजूने सांगतो, कारण सांगितली नाही तर काका सांगतील. मुंगीच्या पावलांनी चालायला सिल्व्हर घोस्टसारखी गाडी नव्हती. 1911 साली एक गाडी लंडनहून एडिनबरोला जाऊन परत आली ती टॉप गिअरमध्येच. माणसाच्या चालीनेही ती टॉप गिअरला न धडपडता चालायची. तेव्हा घरोघर थांबत कचरा गोळा करायला इंजिन म्हणून ती खरंच झकास होती.

आणखीही काही कबूल करायला हवं, नाइलाजाने. गोऱ्यांच्या लंडनमध्ये काळ्या माणसाचा अपमान होणं अजिबात अशक्य नव्हतं. राजे लोक गाड्या एकेक न घेता थव्याने घेत, हेही खरं. आणि रोल्स-रॉइस वाटेल त्या कामाला जुंपल्या गेल्या: पहिल्या महायुद्धात त्यांच्यावर चिलखत चढवून त्या लढाईत वापरल्या, संस्थानांमध्ये त्यांच्या शिकारीच्या गाड्या केल्या. एखाद्या संस्थानात एखादी म्हातारी रोल्स-रॉइस शेवटी माल वाहायला लागली असेलही. पण जुनी गाडी कामाला लावणं आणि नवीन सहा गाड्यांनी साम्राज्याच्या थोबाडीत मारणं, यांचा संबंध बादरायण आहे.

अलवरच्या या महाराजांना इंग्रजी गाड्यांचं वावडं होतं असंही नाही. 1924 साली त्यांनी बर्मिंगहॅमच्या लँचेस्टर कंपनीकडून जी मोटार बांधून घेतली तिची मागची बाजू इंग्लंडच्या राजाच्या राज्याभिषेकाच्या बग्गीवर बेतलेली होती. साम्राज्याला धडा शिकवणाऱ्या माणसाची ही आवड बघा. त्याच्या आदल्याच वर्षी, 1923 मध्ये, लंडनच्या इम्पीरियल कॉन्फरन्सला, म्हणजे साम्राज्यातल्या देशांच्या परिषदेला, हिंदुस्तानच्या वतीने जे बसले होते त्यांत तेजबहादूर सप्रूंच्या सोबत हेच अलवरचे महाराज होते. तीन वर्षांपूर्वी इंग्रजांच्या लाडक्या कंपनीला जगभर तोंडघशी पाडलं, आणि इंग्रजांनी त्यांनाच मानाने बोलावून खुर्ची दिली?

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. मला चीड येते ती ‘असे होते आपले राजे’ या वाक्याची.

कसे होते ते बघा. 14 मे 1925. अलवर संस्थानातलं नीमूचाणा गाव. वाढवलेल्या शेतसाऱ्याविरुद्ध शेतकरी जमले होते. महाराजांच्या सैन्याने गावाला वेढा घातला, मशीनगन चालवल्या, घरं पेटवून दिली. गांधीजींनी ‘यंग इंडिया’त या प्रकाराला डायरशाही म्हटलं, तीही दुप्पट कडक अर्क काढलेली. जालियनवाला बाग होऊन सहाच वर्षं झाली होती, तेव्हा ही तुलना त्यांनी सहज केलेली नाही. आणि हे इंग्रज अधिकाऱ्याबद्दल नव्हतं, एका हिंदुस्तानी राजाच्या कारभाराबद्दल होतं. पुढे 1932-33 मध्ये अलवरच्या मेव समाजातल्या शेतकऱ्यांनी कराविरुद्ध उठाव केला, तो आवरण्यासाठी इंग्रजांची फौज आली. 1933 मध्ये इंग्रजांनीच महाराजांना संस्थानाबाहेर काढलं. 1937 मध्ये ते पॅरिसला वारले.

त्या सहा गाड्यांचे पैसे, गोष्ट खरी धरली तरी, कुठून आले असते? त्याच शेतसाऱ्यातून. अपमान झाला महाराजांचा, सूड उगवला महाराजांनी, आणि बिल कुणाच्या नावावर? नीमूचाण्याच्या. याला आपण आठवीतल्या पोराच्या भाषणात स्वाभिमान म्हणून बसवतोय.

अजून एक बोचणारी बाब. ही गोष्ट चालते कशावर? कचरा उचलणाऱ्याच्या हातात गेलेली वस्तू बाटते, या समजावर. गाडीला साधी धूळ बसली असती तर कुणाला मजा आली नसती. सफाई कामगार तिच्यात बसले म्हणून कंपनीचं नाक कापलं गेलं. ज्या मातीत गाडगेबाबांनी झाडू हातात घेतला तिथे आपण हे टाळ्या वाजवत ऐकतो. भाच्याला 1920 सालचाच राजा हवा असेल तर फार लांब जायला नको. त्याच वर्षी मार्चमध्ये माणगावला अस्पृश्यांची परिषद भरली, अध्यक्ष डॉ. आंबेडकर. कोल्हापूरचे शाहू महाराज तिथे गेले आणि तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे, अशा अर्थाचं जाहीरपणे बोलले. तारीख आहे, ठिकाण आहे, भाषणं आहेत.

आणि या गोष्टीतून सगळ्यात जास्त फायदा कुणाचा होतो? रोल्स-रॉइसचाच. एवढी थोर गाडी की तिच्यात कचरा टाकला तर जग हादरतं! जाहिरातीवर कोट्यवधी खर्चूनही असा मजकूर लिहून मिळायचा नाही, आणि तो आपण देशप्रेम म्हणून फुकट वाटतो.

बाकीचे मुद्दे झटपट. विक्री कोसळली म्हणे. याच काळात कंपनीने अमेरिकेत स्प्रिंगफील्डला दुसरा कारखाना चालू केला, आणि 1925 मध्ये सिल्व्हर घोस्टच्या जागी फँटम हे नवं मॉडेल आणलं. हिंदुस्तानातले राजे रुसले म्हणावं तर 1934 मध्ये राजकोटच्या ठाकोरसाहेबांनी ‘स्टार ऑफ इंडिया’ नावाची केशरी रोल्स-रॉइस करून घेतली. माफीची तार? ती कुणीच छापलेली नाही. बॉनेटवरची परी शुद्ध चांदीची असते, असंही त्याच मजकुरात ठोकून दिलंय. चार्ल्स साइक्सने 1911 मध्ये घडवलेल्या त्या मूर्तीला सुरुवातीला चांदीचा मुलामा असायचा, पुढे धातू बदलत गेले, आता साधारणपणे स्टेनलेस स्टील असतं.

शेवटचा दावा तर शेंडा ना बुडखा असा आहे: ‘महाराजांच्या शापाने अखेर कंपनी बुडाली आणि जर्मनांना विकावी लागली.’ कंपनी बुडाली ती 4 फेब्रुवारी 1971 ला, विमानाच्या इंजिनापायी. अमेरिकेच्या लॉकहीड कंपनीच्या ट्रायस्टार विमानासाठी आरबी 211 हे इंजिन बनवायला घेतलं, खर्च हाताबाहेर गेला, सरकारला कंपनी ताब्यात घ्यावी लागली. मोटारींचा धंदा 1973 मध्ये वेगळा काढला, तो पुढे व्हिकर्स या इंग्रजी कंपनीकडे गेला. 1998 मध्ये व्हिकर्सने तो फोक्सवॅगनला 43 कोटी पौंडांना विकला. फोक्सवॅगनला इंग्लंडमधल्या क्रू गावचा मोटार कारखाना मिळाला, परी मिळाली, रेडिएटरचा आकार मिळाला. फक्त नाव मिळालं नाही, कारण ते विमान-इंजिनवाल्या कंपनीच्या मालकीचं होतं आणि तिने ते 4 कोटी पौंडांत बीएमडब्ल्यूला दिलं. 2002 संपेपर्यंत फोक्सवॅगन आपल्याच कारखान्यातल्या गाडीवर दुसऱ्याच्या परवानगीने रोल्स-रॉइस हे नाव लावत होती. 2003 पासून गाड्या इंग्लंडमधल्या गुडवुडला बीएमडब्ल्यू बनवते.