‘एक्स ४४’ म्हणजे कोपो नव्हे : एका प्रतिक्रियेला उत्तर

महेशराव, एवढं सविस्तर लिहिलंत, आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : १९६९च्या शेवरोले कॅमेरो गाडीच्या काउल टॅगवर (इंजिनच्या मागच्या भिंतीवर ठोकलेल्या कारखान्याच्या पत्र्याच्या पट्टीवर) ‘एक्स ४४’ दिसलं की ती कोपो, म्हणजे शेवरोलेच्या सेंट्रल ऑफिसकडून खास ऑर्डरवर बनलेली, आणि मी उगाच शंका काढून चांगल्या गाड्यांचे भाव पाडतोय. भाव पाडण्याएवढी माझी पोच नाही. पण टॅगचं तुमचं गणित काही पटत नाही.

एक्स ४४चा अर्थ एवढाच, की गाडी एसएस किंवा झेड २८ या जोरदार आवृत्त्यांपैकी नाही आणि बाहेरची जादा सजावटही नाही. नॉरवूडच्या कारखान्यातली अगदी साधी सहा सिलिंडरची कॅमेरोही त्यात बसते. उलट एक्स ११ (म्हणजे जादा सजावटीच्या) टॅगच्या खऱ्या कोपोही आहेत. ९५६० किंवा ९५६१ हा कोपोचा ऑर्डर क्रमांक त्या पत्र्यावर कुठेच नसतो.

शिवाय कोपो म्हणजे शर्यतीची गाडी, हेही खरं नाही. टॅक्सी, पोलिसगाड्या, कंपन्यांच्या ताफ्यांचे वेगळे रंग, सगळं याच मार्गाने जायचं. शेवरोलेची मालक जनरल मोटर्स, तिने कॅमेरोच्या इंजिनाला ४०० घनइंचांची मर्यादा घातली होती. डॉन येन्को, फ्रेड गिब या डीलरांनी ४२७ घनइंचांचं इंजिन मिळवलं ते ही वाट धरून. त्याच ४२७चं अॅल्युमिनियमचं इंजिन असलेल्या झेडएल१ जेमतेम ६९ निघाल्या, त्यातल्या ५० गिबने मागवलेल्या.

चेसिस नंबरही फार बोलत नाही. ‘१२४’ने सुरुवात म्हणजे व्ही-८, बस्स. खरी झडती इंजिन ब्लॉकच्या पुढच्या पॅडवर, म्हणजे कोड ठोकलेल्या सपाट जागेवर घ्यायची. ‘टी०४१२एमएन’ असं असेल तर टोनावांडाच्या इंजिन कारखान्याचं, १२ एप्रिलचं, फोर-स्पीड गिअरबॉक्ससाठीचं एल७२, म्हणजे कोपोतलं लोखंडी ४२७. ऑटोमॅटिकला ‘एमओ’. शेजारी चेसिस नंबरचा अंश हवा आणि मागच्या अॅक्सलच्या नळीवर ‘बीई’ हा कोपोच्या अॅक्सलचा कोड. अक्षरांपेक्षा पृष्ठभाग नीट बघा. कारखान्यातल्या पॅडवर बारीक, सरळ, समांतर रेघा असतात. त्या गुळगुळीत झाल्या असतील किंवा गोल गोल फिरल्या असतील, तर ब्लॉक पुन्हा तासलाय. अक्षरं मग कुणीही ठोकू शकतं. टॅगचं तर विचारूच नका, नवा करून दोन रिव्हेट मारले की झालं.

तुमचा भाचा न्यू जर्सीत जी गाडी बघतोय, तिच्या टॅगचा फोटो तुम्ही पाठवलात. पॅडचा मागवा, तिरप्या उजेडात काढलेला. विकणारा टाळाटाळ करत असेल तर भाच्याला इसारही देऊ देऊ नका.