‘ओके’चा जन्म रणांगणावर झाला नाही

अमेरिकेच्या यादवी युद्धात एकही सैनिक न गमावता तुकडी परतली की छावणीत ‘झिरो किल्ड’ अशी नोंद होई, शून्याचा उच्चार ‘ओ’ करून त्याचेच पुढे ‘ओके’ झाले आणि म्हणून ओके म्हणजे ‘सर्व काही उत्तम’, असे सांगणारा संदेश व्हॉट्सॲपवर अधूनमधून फिरत असतो. यातली व्युत्पत्ती चुकीची आहे आणि तिच्या आधारे सांगितलेला अर्थही.

पहिला अडथळा सनावळीचा आहे. यादवी युद्ध १८६१ ते १८६५ या काळात झाले, ‘ओ.के.’ ही अक्षरे मात्र २३ मार्च १८३९ च्या ‘बॉस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये छापलेली आहेत, म्हणजे युद्धाला तोंड फुटण्याच्या बावीस वर्षे आधी. त्या काळी बॉस्टनच्या वृत्तपत्रांत मुद्दाम अशुद्ध स्पेलिंग करून त्याची आद्याक्षरे वापरण्याची टूम निघाली होती. ‘ऑल राइट’चे ‘ओ.डब्ल्यू.’ होई, कारण ते ‘ऑल’ ओ-पासून आणि ‘राइट’ डब्ल्यू-पासून लिहीत. त्याच चालीवर ‘ऑल करेक्ट’चे ओ.के. झाले. ‘अँटी-बेल-रिंगिंग सोसायटी’ नावाच्या मंडळींच्या प्रवासाची थट्टा करणाऱ्या त्या मजकुरात संपादकाने ओ.के.पुढे ‘ऑल करेक्ट’ असा खुलासाही करून ठेवला आहे. कोलंबिया विद्यापीठातील ॲलन वॉकर रीड यांनी १९६३-६४ मध्ये हा सारा माग पुराव्यानिशी मांडला.

‘ती टूम विरली, मग हाच शब्द कसा टिकला?’ हा आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर १८४० च्या अध्यक्षीय निवडणुकीत मिळते. उमेदवार मार्टिन व्हॅन ब्युरेन हे न्यूयॉर्क राज्यातील किंडरहुकचे. ‘ओल्ड किंडरहुक’ म्हणून त्यांच्या समर्थकांनी ‘ओ.के. क्लब’ काढले आणि विरोधकांनी त्याच अक्षरांची टिंगल केली. व्हॅन ब्युरेन हरले, पण अक्षरे देशभर पोहोचली.

चोक्टॉ या अमेरिकेतील मूलनिवासी जमातीच्या भाषेतून हा शब्द आल्याचा दावा त्या मानाने विचार करण्याजोगा आहे, कारण त्या भाषेत ‘असेच आहे’ अशा अर्थाचा मिळताजुळता शब्द आहे. अध्यक्ष वुड्रो विल्सन तर तसे मानून त्याच धर्तीचे स्पेलिंग करीत. तरीही छापील पुराव्याची साखळी बॉस्टनलाच जाते. आपल्याकडे ट्रकमागच्या ‘हॉर्न ओके प्लीज’मध्ये ‘ऑन केरोसीन’ शोधणारेही आधी अक्षरे पाहतात, मग त्यांना साजेशी गोष्ट बेततात.

राहिला ‘उत्तम’ हा अर्थ. ‘जेवण ओके होते’ हे ऐकून कोणताही यजमान सुखावणार नाही. साहेबांनी फाईल ओके केली म्हणजे मंजुरी दिली, फाईलची वाखाणणी केली नव्हे; आणि फोनवरचे ‘ओके, ओके’ बहुधा ‘ऐकतो आहे’ एवढेच सांगते, त्याला होकार समजून कामाला लागणारा फसतो.