जुने होणे वेगळे, कालबाह्य होणे वेगळे

वस्तू जुनी झाली म्हणजे ती कालबाह्यही झाली, असे आपण इतक्या सहजपणे धरून चालतो की या दोन निराळ्या घटना आहेत हे ध्यानातच येत नाही. जुने होणे वस्तूच्या अंगात घडते. बिजागरी सैल होते, पत्रा गंजतो, बॅटरी चार्ज धरेनाशी होते. कालबाह्य होणे बाहेर घडते आणि त्यासाठी वस्तूवर एक ओरखडाही उठावा लागत नाही.

सतराव्या शतकापासून गुणाकार-भागाकार करून देणारी स्लाइड रूल ही सरकती पट्टी घ्या. १९७२ साली एचपी-३५ हा खिशात मावणारा वैज्ञानिक कॅल्क्युलेटर आला आणि काही वर्षांतच ही पट्टी मागे पडली. त्यातून नुकतीच कारखान्याबाहेर पडलेली कोरी करकरीत पट्टीसुद्धा सुटली नाही. आजही ती सरकवली तर उत्तर पूर्वीइतकेच बरोबर येते. उलट १९७७ साली सोडलेले व्हॉयेजर-१ हे अंतराळयान खऱ्या अर्थाने म्हातारे झाले आहे: वीज दरवर्षी घटते आहे, ती पुरवण्यासाठी एकेक उपकरण बंद करावे लागते आहे. तरीही त्याला कालबाह्य म्हणता येत नाही, कारण ते आहे तिथे त्याचे काम करणारे दुसरे कोणी नाही.

स्लाइड रूलबद्दल माझी तक्रार नाही; अधिक चांगले साधन आले, ती गेली. माझा आक्षेप आहे तो फोनच्या बाबतीत चालणाऱ्या बनावाला. काच शाबूत, आवाज स्वच्छ, बॅटरी दिवसभर पुरते. पण सुरक्षा अपडेट थांबतात आणि एके सकाळी बँकेचे ॲप 'या उपकरणावर चालणार नाही' असे सांगून मोकळे होते. दुकानदार म्हणतो, 'जुना झालाय.' जुना झालेला नसतो. त्याला आधार देणे थांबवायचे, असे कोणीतरी ठरवलेले असते. (अपडेटला खर्च येतो, हे मान्य, मग तसे स्पष्ट सांगावे.) वयाला विचारणा करता येत नाही, निर्णयाला करता येते, म्हणूनच निर्णयावर वयाचे पांघरूण घालणे सोयीचे ठरते.

माणसांच्या बाबतीत हीच लबाडी अधिक बोचते. एखादे कौशल्य निरुपयोगी ठरते तेव्हा ते पंचविशीतल्याचेही ठरते आणि साठीतल्याचेही. पण पहिल्याला प्रशिक्षणाला पाठवतात आणि दुसऱ्याला निरोप समारंभाची तारीख विचारतात.