अली फार्का तुरेला कुणी ‘शोधलं’ नाही

पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशाचा गायक-गिटारवादक अली फार्का तुरे याची एक गोष्ट कौतुकाने पुढे पाठवली जाते. वाळवंटातला शेतकरी, अमेरिकन गायक-गिटारिस्ट जॉन ली हूकरच्या रेकॉर्डी ऐकून ब्लूज (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत) शिकला, अमेरिकन गिटारिस्ट राय कूडरने त्याला शोधलं आणि १९९४च्या ‘टॉकिंग टिंबक्टू’ या दोघांच्या अल्बमवर ग्रॅमी मिळवून दिलं. शेतकरी तो होता, ग्रॅमीही मिळालं. बाकीचं मात्र तपासायला हवं.

सत्तरच्या दशकात अली मालीच्या राजधानीत, बामाकोला, रेडिओ मालीत साउंड इंजिनिअर होता आणि पॅरिसची सोनाफ्रिक कंपनी त्याच्या एलपी काढत होती. १९८७मध्ये लंडनच्या वर्ल्ड सर्किट या रेकॉर्ड कंपनीने त्याचा अल्बम आणला. १९९२च्या ‘द सोर्स’मध्ये तर ताजमहाल (ब्लूजवाला, आग्र्याचा नव्हे) त्याच्या साथीला होता. मग कूडरने शोधलं काय?

आता हूकरकडून शिकल्याची गोष्ट. हूकर त्याच्या कानावर पडला साठच्या दशकाच्या उत्तरार्धात. तोवर एकतारी वाद्यांवर त्याचा हात कधीच बसला होता, आणि गिटार त्याने घेतलं ते १९५६मध्ये गिनीच्या केइता फोदेबाचा कार्यक्रम ऐकून. एका सुराला धरून त्याच्याभोवती फिरत राहणं त्याने त्या एकतारीवरूनच गिटारवर आणलं. हूकर ऐकला तेव्हा त्याला वाटलं, हे तर आपल्याकडच्या तमाशेक (सहाराच्या तुआरेग) लोकांचं संगीत! अमेरिकन गायक त्याला आवडायचे, हे त्याने लपवलं नाही. पण आवडणं निराळं, शिकणं निराळं.

लॉस एंजेलिसला तीन दिवसांत झालेल्या ‘टॉकिंग टिंबक्टू’च्या रेकॉर्डिंगचा निर्माता कूडर होता, हे खरं. पण गाणी बहुतेक अलीची; सोंघाई, फुलानी, तमाशेक, बंबारा भाषांतली. पालथा अर्धा भोपळा हातांनी वाजवणारा हम्मा संकारे त्याच्याच बरोबर आलेला. त्यातलं ‘आय दू’ ऐका: गेटमाउथ ब्राउनसारखा टेक्सासचा खंदा गिटारवाला तिथे व्हायोला घेऊन बसलाय आणि कूडरची स्लाइड गिटार अलीच्या मागे-मागे चाललीय. आदल्याच वर्षी कूडर आणि आपल्या मोहनवीणावादक विश्वमोहन भट्टांची जुगलबंदी आली, तिलाही ग्रॅमी मिळालं. भट्टांना कूडरने शोधलं, असं जयपुरात जाऊन म्हणून बघा.

‘म्हणजे ब्लूज मूळचं मालीचंच’ हे उलटं टोकही मला पटत नाही. ब्लूज अमेरिकेच्या दक्षिणेत घडलं, आफ्रिकेच्या अनेक भागांतून नेलेल्या माणसांच्या वंशजांनी घडवलं, आणि त्यात चर्चची भजनंही मिसळली.

आणि ग्रॅमीनंतर? अली आपल्या गावी, न्याफुंकेला, शेतीकडे परतला. १९९९चा अल्बम करायला वर्ल्ड सर्किटलाच यंत्रं आणि जनरेटर घेऊन त्याच्या गावी जावं लागलं.