साठ, आठ आणि टाइप-सी : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया आली त्याच रात्री वाचली. उत्तर लगेच लिहिलं नाही. पहिल्यांदा वाचताना राग आला होता, आणि त्या भरात लिहिलं असतं तर तुमच्या मुद्द्यांवर अन्याय झाला असता. त्यानंतर दोनदा शांतपणे वाचली. आता लिहिते.

मूळ लेख ज्यांच्या वाचनात आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. २०२४ मध्ये घराघरांत वापरायच्या तंत्रज्ञानात काय काय नवं आलं, यावर मी डिसेंबरच्या शेवटी एक हलकाफुलका लेख लिहिला होता. त्यात पहिला मान चार्जिंगच्या टाइप-सी केबलला दिला, दुसरा कानात घालायच्या एअरपॉड्सना, आणि ॲपलचा डोळ्यांवर चढवायचा व्हिजन प्रो हेडसेट दीड ओळीत उरकला. त्यावर तुमचे आक्षेप तीन. वर्षातलं सगळ्यात धाडसी यंत्र बाजूला सारून कायद्याने लादलेली वायर डोक्यावर घेणं म्हणजे तंत्रज्ञानाची थट्टा, हा पहिला. ह्युमेन कंपनीच्या, छातीवर लावायच्या एआय पिनसारखे फसलेले प्रयोग हसण्यावारी नेणं सोपं आहे, पण पुढची वाट फसणारेच काढतात, हा दुसरा. आणि मॉक्सी रोबोबद्दलचं माझं वाक्य तुम्हाला टोचलं, हा तिसरा.

तिसऱ्यापासून सुरुवात करते, कारण तिथे तुमचंच बरोबर आहे. मॉक्सी म्हणजे पाच ते दहा वर्षांच्या मुलांशी गप्पा मारणारा छोटा रोबो. त्याचं बोलणं दूरच्या सर्व्हरवरून यायचं. त्याची कंपनी एम्बॉडीड हिने पैशाअभावी गाशा गुंडाळत असल्याचं डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर केलं. म्हणजे सर्व्हर बंद झाले की रोबो मुका. मी त्यावर ‘खेळण्याने राजीनामा दिला’ असं एक वाक्य लिहून पुढे गेले. तेव्हा कितीतरी घरांत आईवडील मुलांना हे सांगायचं कसं या विवंचनेत होते, आणि मुलांना समजावून सांगण्यासाठी कंपनीलाही वेगळं पत्र लिहावं लागलं होतं. ज्याच्याशी रोज बोललो तो उद्यापासून बोलणार नाही, हे सहा वर्षांच्या जिवाला केवढं मोठं असतं! ते वाक्य मी लेखातून काढलंय. त्या जागी ओपनमॉक्सीची माहिती टाकली आहे. घरच्याच कम्प्युटरवर सर्व्हर चालवून रोबो बोलता ठेवायची ही सोय कंपनीने जाता जाता करून दिली. थोडी तांत्रिक खटपट करावी लागते, पण सोय आहे.

आता केबल. इथे मात्र मी मागे हटत नाही.

तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर मी टेबलाचा खालचा खण उघडला. आत काळ्या-पांढऱ्या वायरींचं जाळं. जुन्या नोकियाचा बारीक गोल पिनचा चार्जर, कॅमेऱ्याची मिनी-यूएसबी, तीन मायक्रो-यूएसबी, आयफोनची एक लायटनिंग आणि तिच्याही आधीची ती रुंद ३० पिनांची पट्टी. यातली एकही वायर बिघडलेली नाही, फक्त ज्यासाठी घेतली ते यंत्र आता घरात नाही. मायक्रो-यूएसबी अंधारात चाचपडत लावताना हमखास उलटी जायची, जोर दिला की आतली चिमुकली जीभ वाकायची, आणि मग वायर एका ठरावीक कोनात धरून ठेवली तरच चार्जिंग व्हायचं. आपण सगळ्यांनी हे इतकी वर्षं निमूट सोसलं की हा त्रास आहे हेच विसरलो.

युरोपीय महासंघाने २००९ मध्ये कंपन्यांना गोडीगुलाबीने एकत्र आणलं तेव्हा मोबाइलच्या चार्जरचे तीसएक प्रकार होते. स्वेच्छेच्या कराराने ते तीनवर आले. तिथून पुढे गाडी हलेना. शेवटी ४ ऑक्टोबर २०२२ ला युरोपीय संसदेत मतदान झालं : ६०२ बाजूने, १३ विरोधात, ८ तटस्थ. आणि २८ डिसेंबर २०२४ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या फोन, टॅबलेट, कॅमेरा, हेडफोन यांना टाइप-सी बंधनकारक झालं. लॅपटॉपची पाळी २८ एप्रिल २०२६ ला. टाकून दिलेल्या आणि न वापरलेल्या चार्जरचा कचरा वर्षाला सुमारे ११,००० टन होतो, असा महासंघाचाच अंदाज आहे. कायदा तिथला असला तरी कोणती कंपनी तिथल्यासाठी एक आणि बाकी जगासाठी दुसरा फोन बनवत बसेल? ॲपलने तर मुदतीच्या सव्वा वर्ष आधीच, २०२३ च्या आयफोन १५ मध्ये, लायटनिंग सोडून दिली.

‘वायर म्हणजे तंत्रज्ञान नव्हे’ असं तुम्ही लिहिलंत. त्या टोकात डोकावून बघा. नखाएवढ्या जागेत २४ जोडण्या आहेत, आणि वरून-खालून कशीही घातली तरी चालावी म्हणून त्यांची मांडणी उलटसुलट सारखी केलीय. वायर लावली की चार्जर आणि फोन आधी एकमेकांशी बोलतात. सुरुवात पाच व्होल्टने होते, मग फोन विचारतो, नऊ मिळतील का, लॅपटॉप विचारतो, वीस मिळतील का. साठ वॉटच्या वर वीज न्यायची असेल तर केबलच्या टोकातच एक चिप लागते, जी सांगते की मला एवढा भार झेपतो. आता ही व्यवस्था २४० वॉटपर्यंत जाते. एकाच वायरीवर कानातले बड्सही चार्ज होतात आणि दणकट लॅपटॉपही, आणि दोघांनाही इजा होत नाही. हे काम करणारे इंजिनिअर कधी मंचावर आले नाहीत, त्यांच्यासाठी टाळ्या वाजल्या नाहीत. म्हणून मी त्यांना पहिला मान दिला.

तुमच्या एका शंकेत मात्र तथ्य आहे. उद्या याहून चांगला जोड निघाला तर कायदा आडवा येणार नाही का? ॲपलनेही हाच मुद्दा मांडला होता. नियमात बदलाची तरतूद आहे, पण सरकारी तरतुदीचा वेग आपल्याला माहीत आहे, तेव्हा ही काळजी मीही करते. आणि मूळ लेखात एक गोष्ट राहून गेली होती, ती तुमच्यामुळे आठवली. टोकं सारखी असली तरी केबली सारख्या नसतात. काहींतून डेटा ४८० मेगाबिटच्या जुन्याच वेगाने जातो, काहींतून ४० गिगाबिटने, आणि दिसायला दोन्ही जुळ्या बहिणी. म्हणून विकत घेताना वॉट आणि गिगाबिटचा आकडा छापलेलीच केबल घ्यावी. ही सूचना लेखात घातली आहे.

दुसरा मान कानाचा. याबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंत : ‘गाणी ऐकायच्या खेळण्याला वैद्यकीय मुलामा.’ मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच.

माझ्या आईला कमी ऐकू येतं. तिच्याकडे कानाचं मशीन आहे, चांगलं आहे, आणि ते बहुतेक वेळ तिच्या चष्म्याच्या डबीत असतं. माणसं जमली की ती सगळ्यांकडे बघून मान हलवते. नीट पाहिलं तर कळतं, तिची नजर समोरच्याच्या डोळ्यांवर नसते, ओठांवर असते. मशीन का लावत नाहीस म्हणून एकदा विचारलं, तर म्हणाली, “ते लावलं की लोक माझ्याशी ओरडून आणि सावकाश बोलायला लागतात. कान गेलेत गं, अक्कल नाही गेली.”

वयानुसार ऐकू कमी येतं तेव्हा बहुधा आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात. स्वर खालच्या पट्टीत असतात, ते टिकतात. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांची सळसळ वरच्या पट्टीत असते, ती गळते. म्हणून साठ म्हटलं की आठ ऐकू येतं. आवाज येतो, शब्द कळत नाही. ओरडून बोललं तर आधीच ऐकू येणारे स्वर आणखी मोठे होतात आणि ‘स’ हरवलेला तो हरवलेलाच. यावर इलाज एकच, त्या त्या माणसाला जी पट्टी ऐकू येत नाही नेमकी तीच वाढवायची. कानाचं मशीन हेच करतं. १२ सप्टेंबर २०२४ ला अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने, मान्यता दिली ती एअरपॉड्स प्रो २ वर चालणाऱ्या याच कामाच्या सॉफ्टवेअरला. दुकानात थेट मिळणाऱ्या श्रवणयंत्राचं नुसतं सॉफ्टवेअर मंजूर होण्याची ती पहिलीच वेळ. त्याआधी ११८ जणांवर चाचणी झाली. स्वतःच्या हाताने मशीन जुळवून घेणाऱ्यांना तज्ज्ञाकडून जुळवून घेणाऱ्यांइतकाच फायदा जाणवला. ऑक्टोबरच्या शेवटी ते अपडेटमधून आलं, म्हणजे ज्यांच्या कानात हे बड्स आधीपासून होते त्यांना नवीन काही घ्यावंच लागलं नाही. पाचेक मिनिटांची तपासणी असते : वेगवेगळ्या पट्टीतले बारीक सूर वाजतात, ऐकू आला की स्क्रीनवर बोट टेकवायचं.

याला मुलामा म्हणता येईल का, तुम्हीच सांगा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगात दीड अब्जाहून जास्त माणसांना कमी-अधिक प्रमाणात ऐकण्याची अडचण आहे. मर्यादा मीही लिहिल्या होत्या, पुन्हा लिहिते. हे १८ वर्षांवरच्यांसाठी, सौम्य ते मध्यम बहिरेपणासाठी आहे, आणि बॅटरी दिवसभर पुरत नाही. जास्त त्रास असेल तर कानाच्या डॉक्टरला पर्याय नाही.

एक गोष्ट मला अजून सुटलेली नाही. कानात बड्स दिसले की हा माणूस आपलं ऐकत नाहीये असं आपण धरून चालतो. आता तीच वस्तू ‘मला तुमचं ऐकायचंय, म्हणून घातली आहे’ असंही सांगणार. समोरच्याला हे कळणार कसं? आईला मशीनची लाज वाटते ती लोकांमुळे, आणि लोकांच्या सवयी अपडेटने बदलत नाहीत.

आता तुमचा लाडका हेडसेट. दीड ओळ ही कंजुषी झाली, कबूल. नजर जिथे तिथे निवड आणि दोन बोटांची चिमूट म्हणजे क्लिक, ही कल्पना फार सुंदर आहे. दोन पडद्यांवर मिळून २ कोटी ३० लाख पिक्सेल बसवणं हेही येरागबाळ्याचं काम नव्हे. पण वजन ६०० ते ६५० ग्रॅम, तेही चेहऱ्यावर, आणि वायरीने जोडलेली बॅटरी खिशात ठेवूनही चालतं दोनएक तास. यावर तुम्ही १९८३ च्या मोटोरोला डायनाटॅकचं उदाहरण दिलंत : तोही जड होता, अर्धा तास बोलायला दहा तास चार्जिंग लागायचं, तरी इतिहास त्यानेच घडवला. उदाहरण चांगलं आहे, पण ते मला उलट्या बाजूचं वाटतं. त्या विटेएवढ्या फोनने पहिल्या दिवसापासून एका माणसाला दुसऱ्याशी जोडलं. हेडसेट चेहरा झाकतो. तो इतका झाकतो की घालणाऱ्याचे डोळे समोरच्याला दिसावेत म्हणून ॲपलला बाहेरून आणखी एक पडदा लावावा लागला. मला वाटतं अडचण वजनापेक्षा इथे जास्त आहे, आणि वजन कमी झालं तरी ती सुटेलच असं नाही.

एआय पिनबद्दल तुमचा शब्द होता ‘धाडस’. इम्रान चौधरी आणि बेथनी बॉन्जोर्नो यांनी ॲपलमधून बाहेर पडून, स्क्रीन न ठेवता छातीवर लावायचं, तळहातावर लेझरने अक्षरं उमटवणारं यंत्र करून पाहिलं, त्याला धाडस मीही म्हणेन. पण धाडस कुणाचं आणि जोखीम कुणाची? ह्युमेनची बरीचशी मालमत्ता एचपीने ११ कोटी ६० लाख डॉलरला घेतली आणि २८ फेब्रुवारी २०२५ ला पिन बंद झाली. नव्वद दिवसांच्या आत घेतलेल्यांना पैसे परत, बाकीच्यांच्या हातात एक वस्तू उरली जी आता बॅटरी किती आहे एवढंच सांगू शकते. स्पॉटिफायचं कार थिंग, म्हणजे गाडीत लावून गाणी निवडायचं छोटं यंत्र, ९ डिसेंबर २०२४ ला असंच बंद झालं. त्यात मोडलं काहीच नव्हतं. पडदा ठीक, बटण ठीक, फक्त पलीकडून कुणी उत्तर देईना. तेव्हा फसणाऱ्यांना हसू नका हे तुमचं म्हणणं मला मान्य, पण त्यांच्यावर विश्वास टाकणाऱ्या गिऱ्हाइकाची बाजू घेणारं कुणीतरी हवं, आणि मी ती घेणार.

याच कारणाने मूळ लेखातल्या यादीत सात वर्षांच्या अपडेटचं वचन देणारा सॅमसंगचा गॅलेक्सी एस२४ फोन होता, आणि आयफोन १६ ची बॅटरी चिकटवणारा तो नवा गोंदही. नऊ व्होल्टची साधी बॅटरी दीडेक मिनिट जोडली की तो आपोआप सुटतो. दुरुस्ती करणाऱ्यांना याचं मोल विचारा. निन्टेन्डोचं अलार्मो घड्याळ मात्र फक्त आवडलं म्हणून होतं. तुम्ही अंथरुणातून उठलात हे ते कॅमेऱ्याशिवाय, रेडिओलहरींनी ओळखतं आणि मगच गप्प बसतं. त्याला दुसरं काही समर्थन नाही आणि लागतही नाही.

तुम्ही शेवटी लिहिलंत की रोज अशाच एका हेडसेटवर काम करता. हे आधी कळलं असतं तर लिहिण्याआधी तुम्हालाच विचारलं असतं. सलग किती वेळ घालू शकता? काढल्यावर डोळ्यांना आणि मानेला काय वाटतं? घरातलं कुणी त्या वेळात तुमच्याशी बोलायला आलं तर तुम्ही हेडसेट काढता का? जमेल तेवढं सविस्तर लिहा. तो दीड ओळीचा परिच्छेद मी तुमच्या अनुभवासह पुन्हा लिहिणार आहे.